आपल्या दुधाचा घोट

बाबांना मारणाऱ्यांनी आधी गाडीतलं दूध सांडलं आणि मग बाबांना आडवं केलं. हा क्रम थोरलीला शवागारातल्या माणसाने सांगितला. बाबांच्या नाकातोंडात दूध होतं, केस दुधाने चिकटून बसले होते आणि कपाळावरची खोक वाटोळी होती, कॅनच्या झाकणाच्या कडेसारखी. पोलिसांच्या मते गाडी वळणावर घसरली आणि मागचे कॅन पुढे येऊन आदळले. घसरलेल्या गाडीवर एक ओरखडासुद्धा नाही, हे थोरलीने साहेबांना अंगणात नेऊन दाखवलं. साहेब म्हणाला, "तुम्ही शाळेत शिकवता ना, बाई? मग शाळेतच शिकवा."

ती शहरातल्या शाळेत भूगोल शिकवत होती, हे खरं. पण बाबांना माती द्यायला आली ती परत गेलीच नाही.

डोंगराच्या वरच्या अंगाला जमीन म्हणजे दोन दगडांमधली जागा. तिथे धान्य पोटापुरतंही पिकत नाही. गवत मात्र येतं. म्हणून घरटी एखाददुसरी गाय. एवढ्याशा दुधासाठी खाली कोण जाणार? वर्षानुवर्षं ते ठेकेदाराच्या डेअरीला जायचं. ठेकेदाराचा माणूस किटलीत बोट बुडवायचा, "आंबट" म्हणायचा, अर्धं दूध तोंडावर परत करायचा आणि उरलेलं अर्धं तसंच ठेवून घ्यायचा. आंबट दुधाचं तो काय करतो, असं एकदा एका म्हातारीने विचारलं. तिच्या किटलीला लाथ बसली, आणि किटली तिच्या हातातच होती.

बाबांनी जुनी गाडी घेतली आणि सगळ्यांचं दूध एकत्र करून खालच्या गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराला द्यायला सुरुवात केली. एकेकट्याचं दूध कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांचं मिळून विचारलं गेलं. पण सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये म्हणजे एकाने पाणी घातलं तरी नाव सगळ्यांचं जाणार. तपासायला यंत्र नव्हतं. असतं, तरी ते वाचणाऱ्यावर कोणाचा विश्वास बसला असता, देव जाणे. बाबांनी सोपी गोष्ट ठरवली. झऱ्याच्या चौथऱ्यावर सगळ्यांनी जमायचं. ज्याने त्याने आपल्या किटलीतलं दूध झाकणात ओतून सगळ्यांसमोर घोट घ्यायचा, आणि मगच किटली कॅनमध्ये रिकामी करायची. घोट घेतला की बाबा विचारायचे, "कसं आहे?"

"गोड!"

"साखर घातलीस की काय?"

"सासू माहेरी गेली आहे ना, म्हणून गोड!"

रोज हेच. थोरली सुट्टीत यायची तेव्हा तिला वाटायचं, बाबांना सकाळी सकाळी गप्पा मारायची खोड आहे.

बाबा गेल्यावर तिचा मामेभाऊ गाडी चालवायला पुढे आला. पहिल्याच आठवड्यात कुलपाने त्याला वळणावर अडवलं. कुलूप म्हणजे ठेकेदाराचा उजवा हात. कोणाचंही तोंड बंद करून देतो म्हणून हे नाव पडलेलं, आणि त्याला ते आवडायचं. त्याने मामेभावाचा हात गाडीच्या दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. मग उघडलं आणि पुन्हा लावलं. दूध रस्त्यावरून वाहत खाली गेलं आणि मामेभाऊ त्याच्यामागून चालत आला, तुटकी बोटं शर्टात गुंडाळून.

दुसऱ्या दिवसापासून गाडी थोरली चालवू लागली. तिलाही दोनदा अडवलं. एकदा काच फोडली, एकदा टायर. दवाखान्याच्या भांडाराची बाई सरळ होती, पण तिचाही नाइलाज होता. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, "उद्या दूध आलं नाही, तर मला ठेकेदाराकडून घ्यावं लागेल. आणि त्याच्याकडून घेतलं की तो वर्षाचं लिहून मागतो. रुग्णांना मी तुमची भांडणं पाजू शकत नाही, बाई."

म्हणजे उद्याचं दूध पोचलं तर डोंगरावरच्या लोकांचं काहीतरी राहणार होतं. नाही पोचलं तर पुन्हा किटलीत बोट, पुन्हा लाथ, आणि बाबा फुकट गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे चौथऱ्यावर आले. एकही घर मागे राहिलं नाही. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, झाकण पुसून देत होती आणि ज्याला त्याला टोमणे मारत होती. चष्मेवालीने घोट घेतला, मामेभावाच्या बायकोने घेतला.

"कसं आहे?" थोरली विचारत होती.

"गोड."

"जरा जोरात बोला गं," आत्या म्हणाली. "मयताला आल्यासारखं काय कुजबुजताय? मयत होऊन गेलं आमच्या घरातलं."

कोणी हसलं नाही, पण आवाज वाढले.

सगळ्यांत शेवटी गवंडी आला. एरवी तो पहिला असायचा. चौथरा त्यानेच बांधला होता, दुधाचे कॅन गार ठेवायचं झऱ्याकाठचं टाकंही त्यानेच. बाबांचा तो लहानपणापासूनचा दोस्त. बाबांसाठी खड्डा त्याने एकट्याने खणला. दुसऱ्या कोणाला फावड्याला हात लावू दिला नाही.

"वहिनी कुठे आहे रे?" आत्याने विचारलं.

"घसरली. हात दुखावलाय." त्याने किटली उघडली, झाकणात दूध ओतलं आणि तोंडात घेतलं.

"कसं आहे, काका?" थोरलीने विचारलं.

त्याने मान हलवली.

"बोला ना काका."

त्याने पुन्हा मान हलवली आणि किटली उचलली.

"तोंडात काय, नवे दात ठेवलेत का रे जपून?" आत्या म्हणाली, आणि या वेळी सगळे हसले. गवंडी हसला नाही. त्याचे गाल फुगलेले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. हसणं एकेकाचं थांबत गेलं.

बाबा सकाळी सकाळी गप्पा मारत नव्हते, हे थोरलीला तेव्हा कळलं. तोंडात घोट धरून ठेवलेल्या माणसाला बोलता येत नाही, एवढंच त्यांना पाहायचं असायचं. इतकी वर्षं हसत हसत त्यांनी प्रत्येकाचं तोंड रिकामं करून घेतलं होतं.

गवंड्याने किटली कॅनवर तिरकी केली. थोरलीने कॅनच्या तोंडावर उजवा हात ठेवला. दूध हातावर पडलं, मनगटावरून ओघळून चौथऱ्यावर सांडलं. हात साबण लावल्यासारखा बुळबुळीत झाला. मग चटका बसला, आणि तो बसतच राहिला. डेअरीत कॅन धुवायला जो सोडा वापरतात, ज्याचा डबा हातमोजे घातल्याशिवाय उघडत नाहीत, तो तिला ओळखू आला. तिने हात टाक्यात खुपसला आणि ओरडली, "थुंका, काका! थुंका!"

थुंकायला त्याला वेळ होता. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्याच्या खालच्या ओठाचं सालटं निघून लोंबत होतं. आणि त्याने घोट गिळला.

का गिळला, यावर डोंगरावर अजून वाद होतात. कोणी म्हणतं लाजेने, कोणी म्हणतं त्याला वाटलं की गिळून "गोड" म्हणावं आणि अजूनही निभावेल. आत्या म्हणते, बावळटपणा, दुसरं काय. तो "गोड" म्हणाला नाही. किटली टाकून गळा धरून तो चौथऱ्यावर कोसळला आणि त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

चष्मेवाली पुढे झाली आणि तिने रिकामी किटली त्याच्या पाठीत घातली. तो इशाराच झाला. काठ्या, लाथा, कोणाच्या हातातलं झाकण. मामेभाऊ धड राहिलेल्या हाताने त्याचे केस धरून डोकं दगडावर आपटू लागला. ओरडत होता, "दवाखान्यातली पोरं प्यायली असती रे! आजारी पोरं!" गवंडी हात वर करत नव्हता. त्याचं लक्ष माराकडे नव्हतंच. आत जे जळत होतं त्याच्यापुढे बाहेरचा मार त्याला लागत नसावा.

"मीठपाणी आणा," कोणीतरी म्हणालं. "ओकू दे."

"ओकायला लावू नका!" थोरली मध्ये घुसली. एक काठी तिच्या खांद्यावर बसली, ती तशीच घुसली. "जाताना जाळलंय, येताना पुन्हा जाळेल. बाजूला व्हा. गाडीत घाला ह्यांना."

"गाडीत?" मामेभावाने केस सोडले नाहीत. "गाडीत दूध जाईल. उन्हं यायच्या आत निघायचंय. हा जाऊ दे मसणात."

"गाडी एकच आहे, बाळ," कोणी म्हातारा समजावणीच्या सुरात म्हणाला. "आज दूध गेलं नाही तर सगळं संपलं. तुझ्या बाबांनी..."

"बाबांचं नाव नका घेऊ मला शिकवायला." ती ओरडली नाही, पण म्हातारा बाजूला सरला. ती चष्मेवालीकडे वळली. "ओढ्याच्या पात्रातून खाली उतरता येईल?"

चष्मेवालीने कॅनकडे पाहिलं. "रिकाम्या हाताने उतरतो आम्ही."

"भरलेल्या?"

"दोघींमध्ये एक. बांबूला अडकवून." तिने चष्मा पुसला. तिच्या किटलीवर रक्त होतं, तेही तिने पुसलं. "खाली वीटभट्टीचा ट्रॅक्टर असतो. तो नाही म्हणाला तर त्याला बघते मी."

बायका निघाल्या. ओला गोणपाट गुंडाळलेले कॅन बांबूला टांगून, दगडांवरून पाय चाचपत त्या ओढ्यात उतरल्या. पुरुष काठ्या घेऊन दोन्ही बाजूंनी. मामेभाऊ सगळ्यांत शेवटी गेला, आणि जाताना गवंड्याच्या बरगडीत त्याने एक लाथ घातलीच.

थोरलीने उजव्या हाताला ओलं फडकं बांधलं आणि चाक धरलं. मागे आत्या गवंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"मरू नकोस रे मेल्या," ती त्याला म्हणत होती. "इतक्यात मरू नकोस. मला तुला खूप बोलायचंय."

वळणावर कुलूप होता. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला, दोन माणसं कट्ट्यावर. थोरलीचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. पण त्या दिवशी कोणी आडवं आलं नाही. कुलपाने हसून कपाळाला हात लावला, जा म्हणून खूण केली. इतके दिवस दूध अडवणाऱ्याला आज दूध पोचायला हवं होतं. दवाखान्यात पोरं ओकू लागली की डोंगरावरच्या दुधाला पुन्हा कोणी हात लावला नसता, आणि ठेकेदाराला कोणाची बोटं मोडावी लागली नसती.

गाडी त्याच्यासमोरून गेली. मागचं दार नीट लागत नव्हतं. त्यातूनच त्याला दिसलं असणार की कॅन नाहीत आणि आत्याच्या मांडीवर गवंडी आहे. आरशात थोरलीने त्याचं हसू जाताना पाहिलं. गवंडी जगला तर त्याला सोडा कोणी दिला हे सांगणार होता.

मोटरसायकल लगेच मागे लागली. चालवणारा दुसराच होता, कुलूप मागे बसलेला, हातात लोखंडी गज. ते उजव्या अंगाने आले आणि पहिला घाव मागच्या दारावर पडला. दार उघडून आपटलं. आत्या किंचाळली. दुसऱ्या घावाने थोरलीच्या बाजूची काच फुटून तिच्या मांडीवर आली.

"थांबव!" कुलूप ओरडला. "त्याला उतरव आणि जा! तुला काही करत नाही!"

"दूध कुठे आहे विचार ना!" मागून आत्या ओरडली. "विचार, विचार! ह्याच्या पोटात आहे! तुलाही देऊ का?"

गज आत आला. थोरलीच्या गळ्याच्या हाडावर बसला आणि तिला काही क्षण रस्ता दिसेना. पुन्हा दिसू लागला तेव्हा मोटरसायकल गाडीला चिकटून धावत होती आणि कुलपाने एक हात खिडकीत घालून चाक धरलं होतं. त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं होतं, दाढी केलेलं, तंबाखूचा वास येणारं. हाच चेहरा बाबांनी शेवटी पाहिला असणार. तिला वाटलं होतं की या चेहऱ्याला विचारायचं खूप काही असेल. काहीही नव्हतं.

पुढे रस्ता डोंगराच्या कड्याला चिकटून जातो. उजवीकडे नुसता खडक. तिने चाक उजवीकडे फिरवलं.

मोटरसायकलचा आवाज आधी आला, मग खडकाचा, मग कुलपाचा. त्याचा हात खिडकीत होता तो थोडा वेळ तसाच राहिला, बोटं चाकावर, आणि मग कोणी ओढून घ्यावा तसा गेला. गाडीचा सबंध उजवा पत्रा फाटत निघाला. तिने पाय काढला नाही. कडा संपला तेव्हा आरशात रस्त्यावर एक माणूस उठून बसला होता आणि दुसरा पडलेला होता; पडलेल्याचा एक पाय भलत्याच दिशेला वळलेला.

"मेला का?" आत्याने विचारलं.

"माहीत नाही."

"थांबून बघायचं का?"

थोरलीने गिअर बदलला.

दवाखान्यात गवंड्याला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीण बाहेर आली. जगेल बहुतेक, म्हणाली. अन्ननलिका जळली आहे, पोटातून नळी घालावी लागेल. बोलण्याचं विसरा. मग तिने थोरलीच्या हाताचं फडकं सोडलं, तळव्याची निघालेली कातडी पाहिली आणि तिलाही खुर्चीत बसवलं.

दुपार कलायला आली तेव्हा वीटभट्टीचा ट्रॅक्टर फाटकातून आत शिरला. विटांवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून कॅन. एक कॅन कमी होता. ओढ्यात कोणाचा तरी पाय घसरला, तिचा घोटा आणि कॅन दोन्ही गेले. चष्मेवालीच्या चष्म्याची एक काच तडकली होती. बांबूने सगळ्यांचे खांदे सोलून निघाले होते आणि पदरांना रक्त लागलं होतं, पण हे दाखवायला कोणी आलं नव्हतं. त्या उतरल्या आणि कॅन उतरवू लागल्या.

भांडारवालीने झाकण उघडलं, वास घेतला, कॅनच्या अंगाला हात लावला. "उशीर झाला," ती म्हणाली. मग त्या खांद्यांकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाली, "पण गार आहे. आत घ्या. उद्या वेळेवर आणा."

उद्या म्हणाली. चष्मेवाली तिथेच, पायरीवर, मटकन बसली.

कुलपाला ठेकेदाराच्या माणसांनी संध्याकाळच्या आधी तिथेच आणला. दुसरा दवाखाना होताच कुठे? कमरेचं हाड चुरा झालं होतं. चहाची वेळ झाली तेव्हा त्या दुधाचा चहा सगळ्या वॉर्डात फिरला. चहा घेऊन जाणाऱ्या पोरीला आत्याने हाक मारली. "त्या कोपऱ्यातल्याला दोन कप दे गं. त्याने फार कष्ट घेतलेत ह्या दुधासाठी."

थोरली एकटीच वर परतली. गाडी चालत होती, एवढंच. ऊन डोंगरामागे चाललं होतं. वस्तीत शिरताच तिला हंबरणं ऐकू आलं. गवंड्याच्या गायी सकाळपासून कोणी पाहिल्या नव्हत्या. त्या घराशी आज कोणी बोलणार नव्हतं, आणि गायींना ते कळत नव्हतं. सड ताठून दुखायला लागले की गाय अशी ओरडते.

गोठ्याच्या दारात गवंडीण उभी होती. हात गळ्यात बांधलेला. घसरून मोडलेला हात असा मोडत नाही. कोपराच्या खाली दोन ठिकाणी वाकला होता.

"गेले का?" तिने विचारलं.

"नाही. जगतील म्हणतात. बोलता येणार नाही."

गवंडीण खांबाला टेकली. थोरली तिच्या बाजूने आत गेली आणि तांबड्या गाईखाली उकिडवी बसली. तिचा उजवा हात पट्ट्यांत होता. डाव्या हाताने तिने सड धरला. लहानपणी शिकलेलं हात विसरला नव्हता.

"भांडं देऊ?" गवंडीणीने विचारलं.

"तुमच्या घरातलं भांडं नको आज. जमिनीवर जाऊ दे."

धार मातीत पडू लागली. गाईने मोठा श्वास सोडला.

"कुलपाने माझा हात मोडला आणि पुडी ह्यांच्या हातात दिली," गवंडीण म्हणाली. "दुसरा हात मोडू का म्हणाला. हे नाही म्हणत होते. मी ओरडले तेव्हा घेतली."

"कळलं मला ते."

"ते नाही." तिचा आवाज कोरडा पडला. "तुझ्या बाबांच्या वेळी. तेव्हाही कुलूप आला होता. गाडी कोणत्या दिवशी एकटी येते, बरोबर कोणी नसतं, एवढंच विचारलं त्याने. ह्यांनी सांगितलं. टायर फोडू म्हणाला होता, गं. नुसते टायर. ह्यांना वाटलं, चार दिवस गाडी बंद राहील, भांडण निवेल."

थोरलीची बोटं आवळली. गाय उसळली, मागचा पाय तिच्या छातीवर बसला आणि ती शेणात उताणी पडली. उठली तेव्हा तिच्या हातात गोठ्यातली काठी होती. कधी घेतली ते तिला कळलं नाही. गवंडीणीने पाहिलं आणि ती जागची हलली नाही. उलट डोळे मिटून घेतले.

थोरलीने काठी खांबावर मारली. पुन्हा मारली. खड्डा एकट्याने खणला. पुन्हा मारली. फावड्याला हात लावू दिला नाही. गायी दावी ताणून मागे सरत होत्या, छपराची धूळ गळत होती. काठी तुटली, मग तिचं उरलेलं टोकही तुटलं, आणि तिच्या मोडक्या गळ्याच्या हाडातून कळ आली तशी ती थांबली. हाताच्या पट्ट्यांतून रक्त येऊन कोपरापर्यंत पोचलं होतं.

"मला मार," गवंडीण म्हणाली. "त्यापेक्षा मला मार."

"उद्या सकाळी चौथऱ्यावर यायचं," थोरली म्हणाली. दम लागल्याने शब्द तुटत होते. "हे सगळ्यांसमोर सांगायचं. मला सांगितलंत तसंच, एक शब्द कमी नाही. ते तर आता बोलू शकत नाहीत. तुम्ही बोलायचं. मग तुमचं दूध घ्यायचं की नाही, ते सगळे मिळून ठरवतील."

"जीव घेतील माझा."

"मी उभी असेन तिथे."

"आणि तू? तू काय ठरवशील?"

थोरलीने डाव्या हाताने तोंडावरचं शेण पुसलं. गाय अजून थरथरत होती. तिच्या एका अंगाचे सड भरलेलेच होते, त्यांतून आपोआप थेंब गळत होते. तिला असं ठेवून गेलं तर सकाळपर्यंत ताप चढणार.

"दावं तोंडाशी आखूड धरा," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.